एकच फाईल, दोन कॉम्प्युटर: उघडायला लागणारा वेळ नीट कसा मोजायचा

"फाईल उघडूनच नाही राहिली भाऊ, मशीन बदलावंच लागते आता." टायपिंग आणि डीटीपीच्या कामात नव्यानं उतरलेल्यांकडून हे वाक्य हमखास ऐकू येतं. मग बर्डीत, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डी बाजारात, जाऊन नवीन मशीन आणलं जातं आणि तोच चारशे पानी प्रबंध तिथेही पहिल्यासारखाच रेंगाळतो. कारण फाईल उघडतानाचं थांबणं एका जागचं नसतं. सॉफ्टवेअर सुरू होणं, डिस्कवरून फाईल वाचणं, दाबून साठवलेली ती मोकळी करणं आणि पानं मांडणं, ही चार वेगळी कामं आहेत आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे. वेळ कुठे जातोय हे कळल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नका, एवढ्यासाठीच हा लेख लिहितोय.

विद्यापीठाचे प्रबंध, उच्च न्यायालयाच्या खंडपीठात दाखल करायची पेपरबुकं (खटल्याच्या कागदपत्रांचे एकत्र बांधलेले संच), हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत रात्री उशिरापर्यंत चालणारी सरकारी टिपणं, अशी कामं नागपुरात करणाऱ्यांना हे उपयोगी पडेल. पुढचं सगळं विंडोज आणि वर्ड धरून सांगितलंय. लिबरऑफिसचं (वर्डसारखंच मोफत सॉफ्टवेअर) जिथे वेगळं आहे, तिथे तसं लिहिलंय.

काय काय लागेल

- तुलना करायचे दोन किंवा जास्त कॉम्प्युटर
- कॅमेरा असलेला मोबाईल आणि त्याला टेकवायला काहीतरी
- एक पेन ड्राइव्ह, फक्त फायली नेण्यासाठी
- लॅपटॉप असेल तर त्याचा चार्जर
- वही आणि पेन. आकडे लक्षात राहतील या भरवशावर राहू नका.

१. 'उघडली' म्हणजे काय, ते आधी ठरवा

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. वर्ड आणि लिबरऑफिस दोन्ही पहिलं पान आधी दाखवतात आणि उरलेली पानं मागे मांडत बसतात. खाली डाव्या कोपऱ्यातला पानांचा आकडा पाहा. मोठ्या फाईलमध्ये तो हळूहळू वाढत जातो. एकानं पहिलं पान दिसताच घड्याळ थांबवलं आणि दुसऱ्यानं आकडा स्थिर झाल्यावर थांबवलं, तर त्या दोन वेळांची तुलना करण्यात अर्थ नाही.

म्हणून तीन खुणा ठरवून घ्या. पहिली खूण, पहिलं पान अक्षरांसकट दिसलं. दुसरी, टाईप केलेलं अक्षर लगेच उमटलं. तिसरी, पानांचा एकूण आकडा वाढायचा थांबला. प्रबंधाचं काम करणाऱ्याला तिसरी खूण महत्त्वाची, कारण अनुक्रमणिकेतले पान क्रमांक तिच्यावर अवलंबून असतात. नुसती फाईल वाचून दाखवायची असेल तर पहिली पुरते. तुमच्या कामाला लागते ती खूण निवडा आणि शेवटपर्यंत तीच ठेवा.

२. चाचणीच्या फायली तयार करा

चार फायली पुरतात:

- एक कोरी वर्ड फाईल
- सुमारे ३०० पानांची, फक्त युनिकोड मराठी (मोबाईलवर चालतं तेच) मजकुराची फाईल
- त्याच मजकुरात मोबाईलवर काढलेले वीस-पंचवीस फोटो घातलेली फाईल
- स्कॅन केलेली पीडीएफ, शंभरेक पानांची

गिऱ्हाईकाच्या फायली यासाठी वापरू नका. कोर्टाची कागदपत्रं किंवा कुणाचा अप्रकाशित प्रबंध पेन ड्राइव्हवरून चार मशीनवर फिरवणं योग्य नाही. स्वतःचा काही मजकूर घ्या आणि तो पुन्हा पुन्हा चिकटवून पानं वाढवा.

दोन्हीकडे फाईल तीच आहे ना, तेही तपासा. फाईलवर राईट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये साईज पाहा. एमबीत दिसणारा गोल आकडा सोडा, बाइट्सचा पूर्ण आकडा जुळला पाहिजे. एका मशीनवर चुकून सेव्ह झाली तरी तो बदलतो.

चाचणी कधीही पेन ड्राइव्हवरून उघडून करू नका. आधी फाईल त्या मशीनच्या डेस्कटॉपवर कॉपी करा. यूएसबी २.० च्या पोर्टमधून सेकंदाला साधारण ३० ते ४० एमबीच येतात. म्हणजे तुम्ही कॉम्प्युटरऐवजी पेन ड्राइव्हचा वेग मोजत बसाल. डेस्कटॉप वनड्राइव्हशी जोडलेला असेल तर फाईलच्या चिन्हाजवळ ढग दिसतोय का बघा. ढग असेल तर फाईल अजून नेटवरच आहे आणि उघडताना ती आधी खाली उतरेल.

३. दोन्ही मशीनची माहिती लिहून घ्या

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातल्या परफॉर्मन्समध्ये प्रोसेसरचं नाव, रॅम आणि डिस्क एचडीडी (फिरत्या तबकडीची हार्डडिस्क) आहे की एसएसडी (फिरता भाग नसलेली), एवढं वहीत उतरवा. सोबत विंडोज आणि ऑफिसची आवृत्ती, आणि लॅपटॉप चार्जरवर आहे की बॅटरीवर तेही. बॅटरीवर बहुतेक लॅपटॉप आपला वेग आपणहून कमी करतात, त्यामुळे मोजणी नेहमी चार्जर लावूनच करा.

४. पहिली वेळ आणि दुसरी वेळ वेगळी मोजा

एकदा उघडलेली फाईल विंडोज रॅममध्ये धरून ठेवतं. बंद करून लगेच पुन्हा उघडली की ती डिस्कवरून येतच नाही, रॅममधून येते. सॉफ्टवेअरचंही तेच. त्यामुळे जुन्या मशीनवरची सकाळची पहिली उघडणी आणि नव्या मशीनवरची पाचवी उघडणी शेजारी ठेवली, तर नवीन मशीन जादूचं वाटणारच. दुकानात मशीन दाखवताना वर्ड आधीच एकदा उघडून ठेवलेलं असू शकतं, हेही ध्यानात ठेवा.

पहिली उघडणी मोजायची असेल तर दर वेळी मशीन रीस्टार्ट करा. शट डाऊन करून पुन्हा चालू करणं पुरत नाही. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप नावाची सोय आहे. तिच्यामुळे शट डाऊन करताना विंडोज आपल्या गाभ्याची स्थिती डिस्कवर जपून ठेवतं आणि पुढच्या वेळी तीच उचलतं. रीस्टार्टला मात्र सगळं नव्यानं सुरू होतं.

रीस्टार्ट झाल्यावर लगेच घाई करू नका. टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा टक्का खाली येऊन स्थिर होऊ द्या. जुन्या हार्डडिस्कवर याला पाच-दहा मिनिटंही लागतात, कारण अँटिव्हायरस, अपडेट आणि इतर प्रोग्राम त्याच वेळी डिस्कसाठी रांगेत असतात.

५. प्रत्यक्ष मोजणी

मोबाईल स्क्रीनसमोर टेकवून व्हिडिओ सुरू करा आणि फाईलवर डबल क्लिक करा. ठरवलेली खूण दिसली की व्हिडिओ थांबवा. नंतर व्हिडिओ पुढे-मागे सरकवून क्लिकची आणि खुणेची वेळ वाचा. हातानं स्टॉपवॉच दाबताना सुरुवातीला आणि शेवटी थोडा थोडा उशीर होतोच. वीस सेकंदांच्या फाईलला त्यानं फरक पडत नाही, पण दोन सेकंदांच्या फाईलला पडतो.

प्रत्येक फाईल पाच वेळा मोजा. आकडे लहान ते मोठे लावा आणि मधला घ्या. सरासरी काढू नका, कारण मध्येच एखादं अपडेट सुरू झालं की एकच फुगलेला आकडा सरासरी बिघडवतो. पाच आकड्यांत फारच तफावत असेल, तर मशीनवर मागे काहीतरी चाललंय. आधी ते शोधा.

६. वजाबाकी करा

कोरी फाईल यासाठीच बनवली होती. समजा, रीस्टार्टनंतर कोरी फाईल उघडायला ६ सेकंद लागले, मजकुराच्या फाईलला ९ आणि फोटोंच्या फाईलला २१. म्हणजे ६ सेकंद वर्ड सुरू होण्याचे, ३ मजकुराचे आणि १२ नुसत्या फोटोंचे. इथे नवीन मशीन घेण्याऐवजी फोटो लहान केले तर अर्ध्याहून जास्त थांबणं संपेल.

कोऱ्या फाईललाच खूप वेळ लागत असेल, तर दोष बहुधा डिस्ककडे जातो. ५४०० आरपीएमच्या (मिनिटाला ५४०० फेऱ्यांच्या) हार्डडिस्कची तबकडी एका फेरीला सुमारे ११ मिलिसेकंद घेते. वर्ड सुरू होताना ठिकठिकाणी विखुरलेले बारीक तुकडे वाचावे लागतात आणि दर तुकड्याला डिस्कला तबकडी फिरून येण्याची वाट पाहावी लागते. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं, त्यामुळे ही वाट पाहणंच उरत नाही. मजकुराच्या फाईलची कथा याच्या उलट. वर्डची आताची डॉक्सएक्स फाईल, जी वर्ड २००७ पासून आली, ही मुळात एक झिप आहे. तीनशे पानांचा नुसता मजकूर तिच्यात दाबून फार लहान होतो आणि डिस्क तो क्षणात वाचते. पुढचा वेळ पानं मांडण्यात जातो आणि ते काम प्रोसेसरचं. तिथे एसएसडी टाकून फारसा फरक दिसणार नाही.

फोटोंचं गणित डोळ्यांत भरण्यासारखं आहे. १२ मेगापिक्सेलचा फोटो डिस्कवर चारेक एमबीचा दिसतो, पण दाखवण्यासाठी उलगडला की रॅममध्ये किमान ३६ एमबी होतो. तो पानावर तुम्ही बोटभर आकाराचा ठेवला असला, तरी फाईलमध्ये बऱ्याचदा पूर्णच असतो. फोटो निवडून पिक्चर फॉरमॅटमधलं कॉम्प्रेस पिक्चर्स वापरा. मात्र मूळ फाईल बाजूला ठेवून प्रतीवरच, कारण उडालेला तपशील परत येत नाही.

७. आता सेटिंग बदला, एका वेळी एकच

दोन सेटिंग एकदम बदलली तर कशानं फरक पडला ते कधीच कळत नाही. एक बदला, मोजा, लिहा, मग पुढचं.

*प्रिंटर.* माझ्या मते ही यादीतली सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट. पानं कशी मांडायची यासाठी वर्ड डिफॉल्ट प्रिंटरच्या ड्रायव्हरकडे (प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरकडे) चौकशी करतं. तो प्रिंटर नेटवर्कवरचा असेल आणि बंद असेल, तर वर्ड उत्तराची वाट पाहत थांबतं. डिफॉल्ट म्हणून मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ निवडा आणि पुन्हा मोजा. त्याआधी विंडोजच्या प्रिंटर सेटिंगमधला, डिफॉल्ट प्रिंटर विंडोजनं ठरवण्याचा पर्याय बंद करा, नाहीतर शेवटची प्रिंट जिथून काढली तोच प्रिंटर पुन्हा डिफॉल्ट होईल. प्रिंटर बदलल्यावर पानांची मांडणी किंचित सरकू शकते, म्हणून छापण्याआधी मूळ प्रिंटर निवडून पानं एकदा नजरेखालून घाला.

*पिवळी पट्टी.* मेलमधून किंवा नेटवरून उतरवलेल्या फाईलवर विंडोज खूण लावतं आणि वर्ड ती प्रोटेक्टेड व्ह्यूमध्ये, वर पिवळी पट्टी दाखवून, उघडतं. एनेबल एडिटिंग दाबलं की फाईल पुन्हा उघडली जाते, म्हणजे वेळ दोनदा जातो. तुलनेत इथेच फसगत होते. ही खूण एनटीएफएस पद्धतीनं फायली ठेवणाऱ्या (विंडोजच्या नेहमीच्या) डिस्कवर टिकते, पण बहुतेक पेन ड्राइव्ह फॅट३२ किंवा एक्सफॅट असतात आणि त्यांवर टिकत नाही. म्हणून जिथे फाईल मेलमधून उतरवली तिथे पट्टी दिसते आणि जिथे पेन ड्राइव्हनं नेली तिथे दिसत नाही. पहिलं मशीन विनाकारण हळू ठरतं. स्वतः बनवलेल्या चाचणीच्या फाईलवरची खूण प्रॉपर्टीजमधल्या अनब्लॉकनं काढा. अनोळखी माणसाकडून आलेल्या फाईलवर मात्र ती राहू द्या. तिथे दोन सेकंद वाचवण्यापेक्षा सुरक्षितता मोठी.

*अ‍ॅड-इन.* कंट्रोल दाबून धरून वर्डच्या चिन्हावर क्लिक केलं की सेफ मोडबद्दल विचारलं जातं. सेफ मोडमध्ये वर्ड लक्षणीय लवकर सुरू झालं तर एखादं अ‍ॅड-इन (वर्डला जोडलेला जादा प्रोग्राम) वेळ खातंय. फाईल, ऑप्शन्स, अ‍ॅड-इन्स इथे जाऊन एकेक बंद करून पाहा.

*लांब तक्ते.* सरकारी टिपणांत आणि कोर्टाच्या तारखांच्या यादीत एकच तक्ता वीस-पंचवीस पानं चालतो. मजकुराप्रमाणे रकाने आपोआप लहान-मोठे करण्याची सेटिंग चालू असेल, तर वर्डला रुंदी ठरवण्यासाठी सगळा तक्ता पुन्हा पुन्हा मोजावा लागतो. टेबल प्रॉपर्टीजमधल्या ऑप्शन्समध्ये जाऊन ती बंद करा आणि तक्त्याचे प्रकरणवार तुकडे करा. टिपणं करणाऱ्यांना या एका बदलानं सगळ्यात जास्त दिलासा मिळेल.

*ड्राफ्ट व्ह्यू.* नुसता मजकूर सुधारायचा असेल तर व्ह्यूमधून ड्राफ्ट निवडा. तिथे पानांचा पूर्ण देखावा उभा करावा लागत नाही.

*अँटिव्हायरस.* फाईल उघडताना तो ती तपासतो, थोडा वेळ जातो, जाऊ द्या. तो बंद करायला सांगणाऱ्यांचं ऐकू नका. गिऱ्हाईकांचे पेन ड्राइव्ह दिवसभर लावणाऱ्या मशीनला त्याच्याशिवाय एक दिवसही ठेवू नये. फक्त एकाच मशीनवर दोन अँटिव्हायरस बसवलेले नाहीत ना, एवढं बघा.

लिबरऑफिसला तोलताना एक न्याय ठेवा. त्याची स्वतःची फाईल ओडीटी आहे. डॉक्सएक्स उघडताना ते आधी तिचं रूपांतर करतं आणि मग पानं मांडतं. फायली शेवटी डॉक्सएक्समध्येच द्यायच्या असतील तर डॉक्सएक्स उघडूनच मोजा, कारण तुमचा रोजचा वेळ तोच. काम घरातल्या घरात असेल तर ओडीटीचा वेळही घ्या.

८. मराठी फॉन्टचं प्रकरण

इंग्रजी फाईलवर घेतलेला वेळ मराठी कामाला लावू नका. युनिकोड मराठीत कॉम्प्युटरला अक्षरं नुसती एकापुढे एक ठेवून चालत नाही. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनानंतर टाईप होते पण आधी दिसते, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जातो, जोडाक्षरं फॉन्टमधून शोधून काढावी लागतात. हे काम तीनशे पानांवरच्या प्रत्येक शब्दाला होतं.

कृतिदेव, शिवाजी, सुरेख असे जुने फॉन्ट वापरलेल्या फायलींची गोष्ट उलटी. तिथे कॉम्प्युटरच्या लेखी ती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच असतात, फॉन्टमुळे आपल्याला मराठी दिसतं. मांडायला ती सोपी, पण स्पेलिंग तपासणी चालू असेल तर वर्डला जवळजवळ प्रत्येक शब्द चुकीचा इंग्रजी शब्द वाटतो आणि पानभर लाल रेघा येतात. चुका फार झाल्या, आता दाखवता येत नाहीत, असा निरोपही वर्ड देतं. अशा फाईलमध्ये सगळा मजकूर निवडा, रिव्ह्यूमधल्या लँग्वेजमध्ये जा आणि स्पेलिंग-व्याकरण तपासू नये ही खूण लावा. मग मोजा.

तुलनेच्या दोन्ही मशीनवर तोच फॉन्ट असलाच पाहिजे. नसेल तर वर्ड दुसरा फॉन्ट लावतं, ओळी बदलतात आणि ३०० पानांची ३४० किंवा २७० होतात. दोन्हीकडे पानांचा एकूण आकडा जुळत नसेल तर ती मोजणी रद्द समजा. कुठून कुठून गोळा केलेले शेकडो फॉन्ट मशीनवर असतील, तर लागणारे ठेवून बाकीचे एका फोल्डरमध्ये काढून ठेवा. ते सॉफ्टवेअर सुरू होण्याचा वेळ वाढवतात.

९. स्कॅन केलेल्या पीडीएफ

पेपरबुकाची पानं ३०० डीपीआयवर (इंचाला ३०० ठिपके) रंगीत स्कॅन करण्याची पद्धत पडलीय. त्या मापानं एक ए४ पान २४८० गुणिले ३५०८ ठिपक्यांचं होतं. उलगडल्यावर रंगीत पान सुमारे २६ एमबी, करड्या छटांचं पावणेनऊ आणि निव्वळ काळं-पांढरं एका एमबीच्या आसपास. टाईप केलेल्या पानाला रंग कशाला हवा? रंगीत फोटो, नकाशे, शिक्के असलेली पानं तेवढी रंगीत ठेवा. जिथे दाखल करायचं तिथला स्कॅनिंगचा नियम मात्र आधी वाचा.

तीच पीडीएफ अ‍ॅक्रोबॅट रीडर, एज आणि सुमात्रापीडीएफमध्ये उघडून मोजा. नुसतं वाचायला सुमात्रा हलकं पडतं. पण फॉर्म, सह्या आणि शेरे यांच्यासाठी अ‍ॅक्रोबॅट बहुधा लागतं, त्यामुळे ते काढून टाकू नका.

१०. मे महिन्यातली मोजणी वेगळी लिहा

पारा ४५ अंशांवर गेलेला असताना दुपारी तीनला घेतलेला आकडा सकाळी सातच्या आकड्याशी जुळेलच असं नाही. प्रोसेसर ठरावीक तापमानाला पोचला की, इंटेलच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये सुमारे १०० अंशांना, तो स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. टास्क मॅनेजरच्या सीपीयूच्या (म्हणजे प्रोसेसरच्या) पानावर स्पीड गिगाहर्ट्झमध्ये दिसतो. मोठी फाईल पानं मांडत असताना तो घसरतोय का ते पाहा. घसरत असेल तर पंख्याच्या जाळीत धूळ बसलेली असू शकते. कूलरच्या ओलसर हवेत ती आणखी घट्ट बसते. पंखा साफ करून घ्या, कूलरचा झोत थेट मशीनवर येऊ देऊ नका आणि मग पुन्हा मोजा. दोन मशीनची तुलना एकाच खोलीत, एकाच वेळी करा आणि तापमान वहीत लिहा.

११. खर्च करायचाच असेल तर

कोरी फाईलच हळू उघडते आणि डिस्क एचडीडी आहे: एसएसडी बसवून घ्या. रॅमचा टक्का सतत नव्वदच्या वर आहे: रॅम वाढवा. पानांचा आकडा स्थिर व्हायला वेळ लागतो, सातव्या आणि आठव्या टप्प्यातलं सगळं करून झालंय, फॅनही साफ आहे: तेव्हाच नव्या प्रोसेसरच्या मशीनचा विचार करा.

जुनं, वापरलेलं मशीन घेणार असाल तर चाचणीच्या फायली असलेला पेन ड्राइव्ह सोबत न्या. फायली डेस्कटॉपवर कॉपी करा, दुकानदाराला मशीन रीस्टार्ट करायला सांगा, डिस्क शांत होऊ द्या आणि त्याच्यासमोर मोजा. निघताना फायली तिथून काढून टाका. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, त्यामुळे मशीन विंडोज ११ घेतं का तेही विचारा. इंटेलमध्ये त्यासाठी साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं. फाईल वेगात उघडली तरी ही अट पूर्ण होत नसेल, तर ते मशीन घेऊ नका.